तात्यांच्या धाकट्याचा ताप

अहो वहिनी, जरा इकडं या की कुंपणापाशी. आणि हळू बोला, तात्यांची थोरली सून मागच्या दारी भांडी घासतीय, आणि तिचे कान म्हणजे... जाऊ द्या. ऐकलंत का? तात्यांच्या धाकट्याला टायफॉइड नव्हताच! टीबीही नव्हता. बाहेरचं तर मुळीच नव्हतं. अमावास्येला लिंबू उतरवून टाकत होत्या ना काकू, आता कुठं तोंड लपवतात ते बघूच. आणि ओळखलं कोणी म्हणाल? ढोरांच्या डॉक्टरनं! माणसांच्या तीन दवाखान्यांत पैसा ओतला, आणि गाय तपासायला आलेल्या माणसानं बाजेवरच्या पोराकडं एकदा बघून विचारलं, "ह्याला कधीपासून ताप आहे?"

थांबा, असं मधूनच सांगून मजा नाही. पहिल्यापासून सांगते.

तात्यांनी मागच्या वर्षी ती बारा लिटरची गाय आणली, आठवतंय? गल्लीभर मिरवली. स्वस्तात मिळाली, स्वस्तात मिळाली, हे तर मी स्वतः त्यांच्या तोंडून चार वेळा ऐकलंय. तेव्हाच आमचे हे म्हणाले होते, एवढी दुधाळ गाय कुणी स्वस्तात का देतं? पण तात्यांना कोण सांगणार. गाय आली, गोठ्यात घरच्या लाल कंधारीशेजारी बांधली, बिनबोभाट व्याली, कालवड झाली, काकूंनी अख्ख्या गल्लीत खरवस वाटला. तुम्हीही खाल्लात, मीही खाल्ला. घाबरू नका हो, खरवस चांगला वाफवलेला होता, त्यानं काही होत नाही.

पण धाकटा! तो व्यायामशाळेत जातो ना. कुणीतरी डोक्यात भरवलं की धारोष्ण दुधानं अंग धरतं. मग काय, पहाटे सालगडी धार काढायचा आणि हा तिथंच तांब्या तोंडाला लावायचा. काकू कौतुकानं सांगायच्या, "माझं लेकरू चहाला शिवत नाही." चहाला शिवला असता तर बरं झालं असतं की, चहातलं दूध उकळलेलं तरी असतं!

तर काय सांगत होते... हां, लाल कंधारी. पहिलारू होती, सातवा महिना लागलेला, आणि पोळ्याच्या आधी एका रात्री गाभडली. वासरू मेलेलं. वर जार पडेना. डॉक्टरला बोलवायचं सोडून धाकटा आणि सालगडी दोघांनी उघड्या हातांनी ओढून काढला. कोपरापर्यंत हात माखले, ते हौदावर नुसत्या पाण्यानं धुतले आणि दोघं भाकर खायला बसले. ते मेलेलं वासरू आणि जार टाकला कुठं? उकिरड्यावर. रात्रीतून कुत्र्यांनी ओढून नेला, अर्धा आपल्या गल्लीत पडला होता. मी म्हटलं, माय, हा कसला वास! तेव्हा कुणाला काय ठाऊक.

तिथून तीन-चार आठवड्यांनी ताप सुरू.

आणि ताप कसला विचित्र. सकाळी गडी ठणठणीत, आखाड्यावर जाऊन यायचा. दुपार कलली की अंगात कसकस, थंडी, आणि रात्री घाम असा की दोन-दोनदा बनियन बदलायचं. थोरलीच सांगत होती, चादरीला इतका वास यायचा की धुवायला घेताना तिला मळमळायचं. आठवडाभर ताप, मग चार दिवस अगदी काही नाही, मग पुन्हा. सांधे दुखायचे, अन्न जायचं नाही. पण समोरून बघाल तर आजारी वाटायचा नाही, म्हणून तात्या म्हणायचे नाटकं करतोय, वावरात जायला नको म्हणून. बापच तो, बोलला तर कोण अडवणार.

पहिल्या डॉक्टरनं विडाल टेस्ट केली. थोडी पॉझिटिव्ह. झालं, टायफॉइड! चार सलाइन, गोळ्यांची पिशवी. आता माझी भाची उदगीरला व्हेटर्नरी कॉलेजात आहे ना, ती काय म्हणते ऐका. आपल्या भागात कधी ना कधी टायफॉइड होऊन गेलेले, लस घेतलेले इतके लोक आहेत की एकदा केलेली विडाल थोडीबहुत कुणाचीही लागते, त्या एका कागदावर टायफॉइडचा शिक्का मारायचा नसतो. पण शिक्का बसला. ताप आपोआप उतरायची पाळी होती, तो उतरला, डॉक्टरांचं नाव झालं. पंधरा दिवसांनी परत चढला तेव्हा म्हणाले, पथ्य पाळलं नाही.

दुसऱ्यानं मलेरियाचं रक्त काढलं, काही निघालं नाही. पोटावर हात ठेवून म्हणाले प्लीहा वाढलीय. मग दिवाळीत कंबर धरली. गाडीवर बसता येईना, उठताना खाटेचा पाय धरून उठायचा. नांदेडला नेऊन एमआरआय काढला, कमरेच्या मणक्याला सूज. तिसरे म्हणाले, मणक्याचा टीबी असावा, औषध चालू करून बघू. आणि गंमत ऐका, त्या औषधानं बरं वाटायला लागलं! काकूंचा चेहरा काय उजळला होता त्या आठवड्यात. भाचीला हे सांगितलं तर ती हसली. म्हणाली, मावशी, टीबीच्या गोळ्यांमध्ये रिफाम्पिसिन असतं, ते ह्या जंतूलाही लागतं. पण एकट्यानं पुरत नाही, जोडीला दुसरं औषध लागतं. म्हणून थोडं बरं वाटलं, सगळे बेसावध झाले, आणि ताप पुन्हा हजर.

आता हे मी सांगितलं म्हणून कुठं बोलू नका, पण त्यात आणखी एक झालं होतं. पुरुषांना त्यात कधीकधी... नको तिथं सूज येते. एका बाजूला. पोरगा लाजून कुणाला सांगेना. आईला सांगणार का भावजयीला? शेवटी मित्राला सांगितलं, मित्रानं बायकोला सांगितलं, बायको माझ्याकडं ब्लाउज शिवायला येते. मग काय! पण मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही हो, तुम्हालाच पहिल्यांदा सांगतेय.

आणि सोयरीक! उमरीचे पाहुणे. सुपारी फुटायची तेवढी राहिली होती. टीबीचं कुणीतरी उमरीपर्यंत पोचवलं. कुणी ते मला पक्कं माहीत आहे, पण नाव घेत नाही. पाहुणे येऊन बसले, चहा घेतला, पोहे तसेच ठेवले. मुलीची आत्या म्हणाली, "मुलीचं शिक्षण होऊ द्या आधी, एवढी काय घाई." काकूंचं तोंड एवढंसं झालं. घरात मग त्याचं ताट, वाटी, तांब्या सगळं वेगळं. थोरलीनं आपल्या लेकरांना त्याच्या खोलीत जायची बंदी केली. आता कळलंय की हे माणसापासून माणसाला असं लागतच नाही. पण तांब्या काही अजून आत आलेला नाही, मी काल बघितला, वट्ट्यावरच होता.

तर ढोरांचे डॉक्टर.

मागच्या महिन्यात दुसरी गाय गाभडली, तीही सातव्या-आठव्यातच. आता तात्यांनी बोलावलं त्यांना. आल्या आल्या त्यांनी पहिल्यांदा काय केलं असेल तर हातात खांद्यापर्यंतचे मोजे चढवले. तात्या म्हणाले, "अहो, आमचा गडी असाच काढतो की." डॉक्टरांनी हात थांबवला. "असाच म्हणजे?" मग एकेक प्रश्न. आधी कोणती गाभडली? कितव्या महिन्यात? जार अडकला होता? बाहेरून जनावर कधी आणलं? आणि तेवढ्यात नजर गेली बाजेवर, भर दुपारी गोधडी पांघरून पडलेल्या पोरावर. कच्चं दूध पितोस का, विचारलं. कंबर कुठं दुखते, दाखव म्हणाले. मग खाली वाकून हळूच कानात काहीतरी विचारलं, आणि पोराची मान खाली गेली. तात्यांकडं वळून म्हणाले, "ह्याचं रक्त ब्रुसेलोसिससाठी तपासा. उद्याच." तात्या म्हणे, "हे गुरांचं आहे ना?" तर डॉक्टर म्हणाले, "गुरांचं आहे, पण माणसाला वर्ज्य नाही."

वहिनी, तीन डॉक्टर झाले. एकानंही विचारलं नव्हतं की घरी जनावरं आहेत का! आणि ह्यांनीही सांगितलं नव्हतं. तात्यांचं म्हणणं, तापाच्या दवाखान्यात गाईचं काय सांगायचं. मला विचाराल तर तिथंच सगळं अडलं. तो एक प्रश्न पोळ्यानंतरच विचारला असता तर एमआरआयचे पैसे वाचले असते आणि उमरीच्या पाहुण्यांचे पोहेही संपले असते.

मग तपासणी. भाची सांगत होती, पहिली चाचणी इतकी सोपी की बघत राहावं. पांढऱ्या फरशीवर रक्तातल्या पाण्याचा, म्हणजे सीरमचा एक थेंब. शेजारी गुलाबी रंगाचा एक थेंब, त्यात मेलेले जंतू असतात. काडीनं दोन्ही कालवायचे आणि फरशी हातात धरून चार मिनिटं डोलवत राहायची. काही नसेल तर गुलाबी पाणी तसंच एकसारखं. असेल तर फाटलेल्या दुधासारखे कण दिसायला लागतात. धाकट्याचे म्हणे मिनिटभरात दिसले. रोझ बेंगॉल म्हणतात त्या टेस्टला. जनावराची आणि माणसाची, दोघांची होते.

पण तेवढ्यावर भागत नाही. मग रक्त पातळ करत करत नळ्यांमध्ये बघतात, कुठपर्यंत लागतंय ते. एकास एकशेसाठ, त्याच्या वर गेलं आणि सोबत अशी लक्षणं असली तर धरून चालायचं. आणि इथंही एक खोड आहे बघा. कधीकधी रक्तात जोर इतका जास्त असतो की पहिल्या, घट्ट नळ्यांमध्ये काहीच दिसत नाही. घाईचा माणूस निगेटिव्ह लिहून मोकळा होतो. पुढच्या पातळ नळ्या बघाव्या लागतात. रक्तातला जंतू वाढवून बघायचा तर तो महासावकाश. साध्या पद्धतीत बाटली आठवडेच्या आठवडे ठेवावी लागते, नेहमीसारखी लवकर फेकली तर संपलं. शिवाय लॅबवाल्याला आधी सांगावं लागतं कशाचा संशय आहे ते. प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांना होणाऱ्या आजारांत ह्याचा नंबर वरचा! आपल्या पोराचं रक्त काढलेल्या मुलाला हे नंतर कळलं, तर म्हणे त्याचा चेहरा पांढराफटक. दोनदा साबणानं हात धुतले आणि मग नवीन मोजे काढले.

आता औषध दोन मिळून, डॉक्सीसायक्लिन आणि तेच ते रिफाम्पिसिन. साधा ताप असता तर सहा आठवडे, पण मणक्यात गेलंय म्हणून तीन महिने. मधे बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही, सोडलं की परत येतं. लघवी केशरी होते म्हणून काकू पुन्हा लिंबं घेऊन निघाल्या होत्या, थोरलीनं अडवलं.

आणि मला सांगा, एवढ्या सगळ्यात सालगड्याचं कुणी विचारलं का? हात तर त्याचेही माखले होते. तो दिवाळीलाच ताप घेऊन गावी गेला. तात्या म्हणत होते, उचल घेऊन पळाला, कामचुकार. अहो, कामचुकार कसला! मी त्याच्या बायकोला बाजारात धरलं आणि म्हटलं, आधी नवऱ्याचं रक्त तपास. निघालं ना पॉझिटिव्ह. धाकट्याला एमआरआय आणि त्याला शिव्या, असा हिशेब. तात्यांना हे मी तोंडावर सांगितलं. गप्प बसले. बसतीलच.

भाची म्हणते हा ताप काही नवा नाही. माल्टा नावाचं बेट आहे, तिथं इंग्रजांची फौज असायची. सोल्जर महिनोन् महिने ह्याच तापानं लोळायचे. डेव्हिड ब्रूस नावाच्या डॉक्टरनं मेलेल्या सोल्जरच्या प्लीहेतून जंतू शोधला, 1887 साली ते जगाला कळलं. पण येतो कुठून? हवेतून म्हणाले, गटारातून म्हणाले. अठरा वर्षं गेली! 1905 मध्ये तिथल्याच झॅमिट नावाच्या डॉक्टरनं शेळ्यांचं रक्त तपासलं. चांगल्या धडधाकट दिसणाऱ्या शेळ्या, आणि दुधात जंतू. तिकडं गवळी शेळ्या घेऊन दारोदार फिरायचे आणि दारातच धार काढून द्यायचे. म्हणजे झालं की नाही आपल्या धाकट्याचंच? 1906 ला फौजेचं शेळीचं दूध बंद केलं आणि ताप झपाट्यानं ओसरला.

आणि त्याहून भारी म्हणजे ती अमेरिकेतली बाई. ॲलिस इव्हान्स. डेन्मार्कच्या बँगनं 1897 मध्ये गाईंना गाभडवणारा जंतू शोधला होताच, पण तो वेगळा आणि माल्टाचा वेगळा असं सगळे धरून चाललेले. हिनं 1918 मध्ये मांडलं की हे दोघं अगदी जवळचे नातलग आहेत, गाईच्या कच्च्या दुधातूनही माणूस आजारी पडू शकतो. ऐकतंय कोण! थिओबाल्ड स्मिथसारखा मोठा माणूस मानेना. एक तर बाई, त्यात पदवी डॉक्टरकीची नाही. पुढं 1922 मध्ये काम करता करता तिलाच लागण झाली, वर्षानुवर्षं आजारी. तर तिला काय म्हणाले? नर्व्हजचा त्रास आहे म्हणे! म्हणजे मनाचे खेळ. जिनं जंतू ओळखला तिचंच दुखणं कुणी ओळखेना. 1928 मध्ये मात्र तिकडच्या जंतुशास्त्रज्ञांच्या संस्थेची पहिली बाई अध्यक्ष झाली. मला तर त्यांचे चेहरे बघायचे होते त्या दिवशी.

लांबचं कशाला, आपलं सोलापूर ओलांडलं की विजापूर. तिथल्या मेडिकल कॉलेजात डॉक्टर मंटूर आणि त्यांच्या सोबतच्यांनी सोळा वर्षांत नुसत्या मोठ्या माणसांचे 495 रुग्ण नोंदवले, 2006 मध्ये छापूनही आलं. तिकडं काय गाई वेगळ्या आहेत, का दूध वेगळं? ते शोधत होते म्हणून सापडले.

तर काय सांगत होते... गाय! खरी गंमत तर पुढंच आहे.

डॉक्टरांनी गोठ्यातल्या प्रत्येक गाईचं दूध वेगळं घेतलं. काचेच्या नळीत थोडं दूध, त्यात जांभळट रंगाचा थेंब, हलवलं आणि तासभर उबेला ठेवलं. मी मुद्दाम ताक न्यायच्या निमित्तानं गेले होते. चांगल्या गाईच्या नळीत दूध तसंच जांभळट राहिलं. आणि त्या बारा लिटरच्या गाईच्या नळीत? खाली दूध पांढरंशुभ्र आणि वर सायीपाशी जांभळं कडं, कुणी दोरा बांधावा तसं गोल. सगळे बघत राहिले. ती कधी गाभडली नाही हो इथं! आधीच्या मालकाकडं गाभडली असणार एकदा. पुढच्या वेळी अशा गाई नीट वितात, पण जंतू दुधातून आणि विताना टाकत राहतात. बिचारी लाल कंधारी, दोष नसताना पांढऱ्या पायाची ठरली होती.

तात्यांचा चेहरा... काय सांगू. पण दुसऱ्याच मिनिटाला म्हणतात, "मग विकून टाकू बाजारात." डॉक्टर तडकले. म्हणाले, तुम्हाला ज्यानं विकली त्यानंही हेच केलं होतं. जनावरात ह्याला औषध करत नाहीत, ती गाय वेगळी बांधायची, विकायची नाही, दूध उकळल्याशिवाय वासरालाही नको. गाभडलं तर वासरू, जार, खालचा पेंढा सगळं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरायचं. तात्या "बरं बरं" म्हणाले. पण काल संध्याकाळी एक दलाल येऊन गेला हो त्यांच्याकडं. मोटारसायकल मी ओळखते.

म्हणून तर तुम्हाला हाक मारली. ते डॉक्टर शनिवारी पुन्हा येणारेत, लस घेऊन. 2019 च्या सप्टेंबरात मथुरेला पंतप्रधानांनी ती योजना सुरू केली ना, लाळ्या-खुरकूत आणि ह्या रोगाची, त्यातलीच. फुकट आहे. फक्त कालवडींना, चार ते आठ महिन्यांच्या, जन्मात एकदाच. गोऱ्ह्यांना नाही, गाभण गाईला तर अजिबात नाही. लस जिवंत जंतूची असते, टोचताना डॉक्टरसुद्धा जपतात.

तुमची ती कपाळावर चांद असलेली कालवड आखितीच्या आधीची ना? म्हणजे सात महिने झाले की! मग आणा शनिवारी सकाळीच. आणि वहिनी, तात्यांच्या गोठ्यावरून नका आणू, मागच्या बोळातून आणा... आले हो, आले! आमच्या सासूबाईंना चहा हवाय. उकळूनच देते.